होतकरू बॉक्सरला किती वेगाने पुढे न्यावं?

दोरीबाहेरचा

हौशी बॉक्सिंगमधून व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये आलेल्या मुलाच्या पहिल्या पंधरा-वीस लढती कशा ठरवाव्यात, यावर सविस्तर बोलायचं आहे. जिममध्ये मुलांना शिकवायला मदत करतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. मोठ्या लढतीवर सगळेच बोलतात. पण तिथपर्यंत पोरगं धडधाकट पोचावं म्हणून कुणीतरी कित्येक वर्षं डोकं लढवलेलं असतं, त्यावर फारसं कुणी लिहीत नाही.

नव्यांसाठी थोडक्यात: प्रो झाल्यावर सुरुवात चार फेऱ्यांच्या लढतींनी होते, मग सहा, आठ, दहा. जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची. हौशी लढत मात्र तीन फेऱ्यांत आटोपते. तीन फेऱ्यांत सगळा जोर ओतायची सवय लागलेल्या मुलाचे सहाव्या फेरीत पाय जड झाले की काय करायचं, हे त्याला ठाऊकच नसतं. सांगून ते कळत नाही, त्या फेरीत जाऊनच कळतं. म्हणून माझं मत असं, की प्रत्येक लढतीत मुलासमोर एक नवा प्रश्न यायला हवा आणि तो त्याला सुटण्यासारखा असायला हवा. डावखुरा प्रतिस्पर्धी, उंच प्रतिस्पर्धी, अंगाला चिकटून लढणारा, कितीही मारलं तरी खाली न बसणारा. एकेक करून सगळे.

माईक टायसनचंच बघा. लोकांना त्याचे पहिल्या फेरीतले नॉकआउट आठवतात. मार्च १९८५ मध्ये पदार्पण, त्या एका वर्षात १५ लढती. सलग १९ नॉकआउट झाल्यावर मे १९८६ मध्ये विसाव्या लढतीत जेम्स टिलिस समोर आला आणि दहाही फेऱ्या उभा राहिला. त्याच महिन्यात मिच ग्रीननेही पूर्ण दहा फेऱ्या खेळवल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला हरवून टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला. माझ्या मते त्याच्या तयारीत त्या दोन लांबलेल्या लढतींचा वाटा सगळ्या नॉकआउटपेक्षा मोठा आहे. ठोसा बसूनही समोरचा पडत नाही तेव्हा डोकं शांत ठेवायचं असतं, हे त्याला पट्ट्याच्या, म्हणजे जगज्जेतेपदाच्या लढतीआधीच अनुभवायला मिळालं.

आज बऱ्याचदा उलटं दिसतं. पराभवाच्या रकान्यातलं शून्य जपायचं म्हणून ज्यांच्याकडून काहीच शिकता येणार नाही असे प्रतिस्पर्धी वीस-वीस वेळा आणायचे, आणि मग टीव्हीवाल्यांचा तगादा लागला की मुलाला एकदम वाघाच्या पिंजऱ्यात सोडायचं. तुमचे अनुभव आणि मतं लिहा.

तिसरी_फेरी

छान धागा. फार दिवस कुणीतरी यावर लिहावं असं वाटत होतं.

"पडत नाही तेव्हा डोकं शांत ठेवायचं" हे अगदी पटलं. आमच्या जिमच्या एका मुलाची सहा फेऱ्यांची पहिलीच लढत होती. त्याआधीच्या सगळ्या त्याने लवकर संपवलेल्या. समोर तिशी उलटलेला, पोट थोडं सुटलेला, जिंकण्यापेक्षा हरलेल्या लढती जास्त असलेला गडी. दुसऱ्या फेरीपासून त्या गड्याने एकच केलं: मुलाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आला की आत शिरायचं, कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवायचं, आपलं सगळं वजन त्याच्या मानेवर टाकायचं आणि मोकळ्या हाताने बरगडीवर छोटे छोटे ठोसे घालत राहायचं. पंच सोडवायला आला की मुकाट्याने मागे. चौथ्या फेरीपर्यंत आमच्या मुलाचा डावा हात जॅब मारून गालापाशी परत यायच्या ऐवजी कमरेपाशी लोंबायला लागला. मुलगा जिंकला, गुणांवर. पण लढतीनंतर खोलीत येऊन "हे कुणी शिकवलंच नव्हतं" असं म्हणाला. पुढचे सगळे महिने सरावात क्लिंचवरच, म्हणजे अशा मिठी मारून लढण्यावरच काम झालं.

असल्या गड्यांना तुच्छतेने बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ब्रिटनचा पीटर बकली ३०० लढती लढला, त्यातल्या २५६ हरला आणि २००८ मध्ये शेवटची जिंकून थांबला. त्याच्यासमोर उभे राहिलेल्यांत नसीम हमीदही होता. अशी माणसं म्हणजे होतकरू मुलांची चालती-बोलती शाळा आहे.

साउथपॉ

मी थोडा विरोधी सूर लावतो. सावकाश, सावकाश करत कित्येकांची उमेदीची वर्षं वाया जातात. बॉक्सरचं शरीर काही पन्नाशीपर्यंत साथ देत नाही.

नाओया इनोउए २०१२ मध्ये प्रो झाला आणि एप्रिल २०१४ मध्ये सहाव्याच लढतीत जगज्जेता. वासिल लोमाचेन्कोने तर दुसरीच लढत जगज्जेतेपदासाठी घेतली, मार्च २०१४, ऑर्लांडो सालिडोविरुद्ध. हरला, पण चार महिन्यांच्या आत तिसऱ्या लढतीत गॅरी रसेल ज्युनियरला हरवून पट्टा घेतलाच. प्रतिभा असेल तर शिडीची एकेक पायरी चढायला लावणं हा अन्याय आहे.

दोरीबाहेरचा

साउथपॉ, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण लोमाचेन्कोकडे तेव्हा २००८ आणि २०१२ ची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं होती. त्याची शिडी हौशी बॉक्सिंगमध्येच चढून झाली होती. तरीही काय कमी पडतंय ते सालिडोने दाखवलंच. सालिडो वजनात बसला नव्हता, त्यामुळे तो पट्टा जिंकण्यास अपात्र ठरला, पण लढत झाली. अंगाने जड, कमरेखाली ठोसे घालणारा, लहानपणापासून व्यावसायिक रिंगमध्ये मुरलेला माणूस. लोमाचेन्कोने शेवटच्या फेऱ्यांत जोर लावला तोवर गुण निसटले होते, पंचांची मतं विभागली आणि निकाल सालिडोकडे गेला. अशा माणसाशी आधी दोन-चारदा गाठ पडली असती तर?

इनोउएच्या गोष्टीत मला वेगापेक्षा वजन महत्त्वाचं वाटतं. त्या सहाव्या लढतीत तो लाइट फ्लायवेटला, म्हणजे १०८ पौंडांना उतरला होता आणि मध्येच त्याच्या पायात गोळा आला. वाढत्या वयाच्या पोराला त्या वजनात कोंबणं किती अवघड होतं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या माणसांनी काय केलं? त्या गटात मुक्काम न ठोकता वर्षअखेरीस त्याला थेट ११५ पौंडांत नेलं आणि आठव्या लढतीत त्याने ओमार नार्व्हायझला दुसऱ्या फेरीत गारद केलं. "खालच्या गटात आपण मोठे दिसतो" या लोभापायी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना महिनोन्‌महिने उपाशी ठेवणारे कोच बघितले की जीव तुटतो.

मेघमल्हार

वेगाच्या वादात डेव्हिड रीडचं नाव यायलाच हवं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला बॉक्सिंगचं एकमेव सुवर्ण त्याने दिलं. १९९७ मध्ये प्रो, मार्च १९९९ मध्ये बाराव्या लढतीत पट्टा. सगळं झकास. मग मार्च २००० मध्ये, १४ विजय खात्यात असताना, त्याला फेलिक्स ट्रिनिडॅडसमोर उभं केलं. रीडने तिसऱ्या फेरीत ट्रिनिडॅडला खाली पाडलं, हेही सांगायला हवं, म्हणजे मुलात दम होताच. पण सातव्या फेरीत तो स्वतः पडला आणि अकराव्यात तीनदा. बारा फेऱ्या उभा राहिला, हरला, आणि नंतर तो पूर्वीचा रीड राहिलाच नाही. २००१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी कारकीर्द संपली.

त्याच १९९६ च्या संघातला फ्लॉइड मेवेदर कांस्यपदक घेऊन आला होता. त्यालाही दोन वर्षांतच जगज्जेतेपदाची संधी मिळाली, पण अठराव्या लढतीत आणि लहान वजनगटात. मला यातून एवढंच दिसतं की पट्टा लवकर मिळण्यात फारसा धोका नाही. पट्टा मिळाल्यावर पुढच्याच वर्षी गटातल्या सगळ्यात घातक माणसासमोर जाण्यात आहे. पट्टा आला की मोठ्या रकमा खुणावतात, आणि त्या वेळी "अजून वर्षभर थांबू" म्हणणारा माणूस जवळ लागतो. असा माणूस बहुतेकांकडे नसतो, कारण जवळच्या प्रत्येकाचा त्या रकमेत वाटा असतो.

साउथपॉ

मेघमल्हार, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. माझा विरोध तेवढ्यापुरता मागे घेतो :) वेग मुलाच्या तयारीवरून ठरावा, वाटेकऱ्यांच्या घाईवरून नको, इतपत आपलं एकमत.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, क्रीडावैद्यक हे माझं क्षेत्र. सगळे लढतींबद्दलच बोलताय म्हणून लिहिते.

मुलाच्या मेंदूला बसणारा मार मोजायचा असेल तर लढती मोजून चालत नाही. वर्षात लढती चार-सहा, पण स्पारिंग, म्हणजे सरावातली लुटुपुटूची लढत, आठवड्यातून दोन-तीनदा. डोक्यावर बसणारे बहुसंख्य ठोसे जिममध्ये बसतात, प्रेक्षक नसताना, नोंद न होता. आणि तरुण, कमी वजनाच्या मुलांना मोठ्या वजनाच्या अनुभवी बॉक्सरसमोर "कणखर होण्यासाठी" उभं करण्याची पद्धत अजून आहे. असल्या स्पारिंगने कणखरपणा येत नाही. मेंदू ठोसे पचवायला शिकत नाही. मान मजबूत करता येते, पाय आणि नजर तयार करता येते, पण मेंदूवर घट्टे पडत नाहीत.

माझा आग्रह: स्पारिंगची वही ठेवा. तारीख, समोर कोण, वजन किती, किती फेऱ्या, डोक्याला जोरात लागलं का, नंतर डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, झोप बिघडणं, विनाकारण चिडचिड. यातलं काहीही असेल तर सगळी लक्षणं जाईपर्यंत स्पारिंग पूर्ण बंद, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत सुरू नाही. लढत तीन आठवड्यांवर असली तरी. नॉकआउट झाला असेल तर विश्रांतीचा काळ तुमच्या लढतींच्या वेळापत्रकावरून ठरवू नका.

वजनाबद्दल दोरीबाहेरचा यांना पूर्ण अनुमोदन, त्यात एक भर. व्यावसायिक लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून वजन उतरवतात. पाणी चोवीस तासांत पूर्ण भरून निघेलच याची खात्री नसते. उरलेली कमतरता पायांत, दमसासात आणि मार सहन करण्याच्या क्षमतेत दिसते.

आणि कॉर्नरमधल्या माणसांना टॉवेल टाकायची, म्हणजे आपल्या बॉक्सरची लढत थांबवायची भीती वाटता कामा नये. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रिचर्ड कोलोन हा २३ वर्षांचा अपराजित बॉक्सर डोक्याच्या मागच्या बाजूला ठोसे बसत असतानाही लढत राहिला. लढतीनंतर मेंदूत रक्तस्राव झाल्याचं निदान झालं, तो कित्येक महिने कोमात होता. ते प्रकरण मी शिकाऊ कोचना नेहमी सांगते.

तिसरी_फेरी

डॉक्टर, धन्यवाद. स्पारिंगची वही उद्यापासून सुरू.

एका_बॉक्सरची_आई

नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, हौशी स्पर्धांमध्ये चांगलं खेळतो. प्रो होण्यासाठी एका प्रमोटरकडून पाच वर्षांचा करार आला आहे. मॅनेजर म्हणून त्याच प्रमोटरचा जवळचा माणूस असेल म्हणतात. मुलाला लगेच सही करायची आहे. त्याचे कोच म्हणतात, अजून दोन वर्षं हौशी खेळू दे. घरात कुणाला यातलं काही कळत नाही. तुम्ही सगळे इतकं समजून लिहिताय म्हणून विचारते, आम्ही काय बघावं?

कलमबहाद्दर

ताई, आधी एक: सही करू नका. म्हणजे कधीच नको असं नाही, पण कागद स्वतंत्र वकिलाने वाचल्याशिवाय नको. वकील तुमचा हवा, त्यांनी सुचवलेला नको.

मी करारांचं काम करतो, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. प्रमोटर लढत भरवतो, त्याचा फायदा बॉक्सरला कमी पैसे देण्यात असतो. मॅनेजर बॉक्सरच्या बाजूने भांडतो, त्याचा फायदा बॉक्सरला जास्त पैसे मिळण्यात असतो. दोघं एकाच घरचे असले तर तुमच्या मुलाच्या बाजूने भांडणारं कुणीच उरत नाही. हा प्रश्न इतका जुना आहे की अमेरिकेत २००० साली मुहम्मद अली यांच्या नावाने कायदाच झाला. त्यात प्रमोटरने मॅनेजरच्या व्यवसायात आणि मॅनेजरने प्रमोटरच्या व्यवसायात आर्थिक हितसंबंध ठेवायला बंदी आहे. तो कायदा सगळीकडे लागू नाही, पण त्यामागचं तत्त्व तुम्ही कुठेही धरून बसू शकता: मॅनेजर वेगळा हवा, एवढं स्पष्ट सांगा.

आता कलमं. पाच वर्षं म्हणजे एकोणीस ते चोवीस, म्हणजे मुलाच्या घडणीचा सगळा काळ. त्यात बहुधा असंही कुठेतरी लिहिलेलं असेल की मुलगा अमुक पट्टा जिंकला तर मुदत आपोआप वाढेल, आणि दुखापतीत गेलेला काळ मुदतीत मोजला जाणार नाही. ही दोन कलमं एकत्र आली की पाचाची आठ वर्षं कधी होतात कळत नाही. उलट बाजूला बघा: वर्षाला किमान किती लढती देणार, हे लिहिलंय का? नसेल तर ते तुमच्या मुलाला वर्षभर नुसतं बसवून ठेवू शकतात आणि तो दुसरीकडेही लढू शकणार नाही. "लढत देऊ केली" आणि "लढत झाली" यातला फरकही लिहून घ्या. समोरच्याने ऐनवेळी माघार घेतली तर ती लढत कुणाच्या खात्यात धरायची?

वाटे: मॅनेजरचा वाटा अमेरिकेत एक तृतीयांशपर्यंत जातो, ब्रिटनमध्ये तो साधारण चौथा हिस्सा असतो. कोचचा बहुतेक ठिकाणी १० टक्के. पण हे कशाच्या टक्के? एकूण मानधनाच्या, की प्रवास, सराव शिबिर, स्पारिंग पार्टनर, वैद्यकीय तपासण्या यांचा खर्च वजा जाता? आणि तो खर्च कोण उचलणार? तरुण बॉक्सर जिंकूनही कर्जात जातात ते इथेच.

मेघमल्हार

कलमबहाद्दर यांनी अलींचं नाव काढलं म्हणून. १९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर अठरा वर्षांच्या अलींमागे त्यांच्या गावचे, लुइव्हिलचे ११ उद्योजक उभे राहिले. त्यांनी अलींच्या कमाईतला १५ टक्के हिस्सा एका विश्वस्त निधीत टाकायची अट घातली होती, ज्याला लगेच हात लावता येत नव्हता. कोच म्हणून अँजेलो डंडी. १९ लढतींनंतर, फेब्रुवारी १९६४ मध्ये सॉनी लिस्टनविरुद्ध पट्टा. त्याआधीच्या वर्षभरात डग जोन्सने त्यांना दहा फेऱ्या झुंजवलं होतं आणि हेन्री कूपरने खाली पाडलं होतं. ताई, पैशाची शिस्त आणि प्रतिस्पर्ध्यांची निवड दोन्ही एकत्र जमलेलं असं उदाहरण क्वचितच मिळतं. मुलाला वाचायला द्या.

साउथपॉ

हौशीत दोन वर्षं अजून, या कोचच्या मताला माझा पाठिंबा. वेगाचा पुरस्कर्ता असूनही. ऑलिम्पिकला पोचायची शक्यता असेल तर त्या पदकामुळे करारात बोलायची ताकद वाढते. आणि एकोणीस म्हणजे उशीर अजिबात नाही. विजेंदर सिंग २००८ चं कांस्यपदक मिळवूनही २०१५ मध्ये, तिशीच्या तोंडावर प्रो झाला, तो मात्र उशीर होता. पुढच्या वर्षी आशिया पॅसिफिकचा पट्टा घेतला, पण जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत जायला वर्षंच उरली नव्हती. निशांत देव पॅरिस ऑलिम्पिक खेळून २०२५ च्या जानेवारीत चोविसाव्या वर्षी प्रो झाला. वय म्हणून ते मला योग्य वाटतं.

एका_बॉक्सरची_आई

सगळ्यांचे खूप आभार. कागदात दुखापतीचं आणि मुदतवाढीचं कलम खरंच आहे, आज बघितलं. लढतींची किमान संख्या कुठेच नाही.

एक भीती अजून आहे. मुलगा म्हणतो, प्रो मध्ये एकदा हरलं की संपलं. त्यामुळे तो लहान स्पर्धेतल्या पराभवानंतरही दोन-दोन दिवस जेवत नाही.

दोरीबाहेरचा

ताई, त्याला माझ्याकडून हे सांगा. बर्नार्ड हॉपकिन्स १९८८ मध्ये पदार्पणाचीच लढत हरला. पुढे मिडलवेटचा पट्टा त्याने २० वेळा राखला. मॅनी पॅकियाओ फेब्रुवारी १९९६ मध्ये सतरा वर्षांचा असताना वजनात बसला नाही, शिक्षा म्हणून जड ग्लोव्ह्ज घालावे लागले आणि तिसऱ्या फेरीत नॉकआउट झाला. डिसेंबर १९९८ मध्ये तो जगज्जेता होता. हुआन मॅन्युएल मार्केझही पदार्पणात हरलेला. सौल आल्वारेझ पंधराव्या वर्षी प्रो झाला आणि २०१३ मध्ये मेवेदरकडून हरला, त्यानंतरच त्याची खरी मोठी वर्षं आली.

हरण्याची इतकी धास्ती मुलाच्या मनात कुणी घातली, हे मात्र शोधा. घरात निकालाआधी "लागलं का कुठे?" हे विचारलं जातं का? कोच पराभवानंतर दुसऱ्या दिवशी लढतीचं चित्रण त्याच्यासोबत बसून बघतात का, की आठवडाभर अबोला धरतात? तुमचे कोच थांबा म्हणताहेत त्या अर्थी माणूस समंजस दिसतो. त्यांनाच विचारा, की प्रो झाला तर पहिल्या सहा लढतींत ते त्याच्यासमोर कुठल्या प्रकारचे सहा जण आणतील आणि का. हाच प्रश्न प्रमोटरच्या माणसालाही विचारा. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून ठेवा.

आणि जेवणाचं हलक्यात घेऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

नाडीपरीक्षा

हो, नक्की. ताई, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. वजनाच्या दडपणातून खाण्याच्या तक्रारी या खेळात पुष्कळ दिसतात, लवकर बोललेलं बरं. त्याचं सध्याचं वजन, गेल्या वर्षभरात वाढलेली उंची आणि तो कुठल्या गटात खेळतो ते लिहा.

कलमबहाद्दर

ताई, प्रमोटरला उत्तर लेखीच पाठवा. तीन गोष्टी मागा: मुदत दोन वर्षं आणि पुढची वाढ दोन्ही बाजूंच्या संमतीनेच; वर्षाला किमान लढतींची लेखी हमी, ती पाळली नाही तर मुलगा मोकळा; आणि मॅनेजर तुमच्या निवडीचा. ते "सगळे असंच सही करतात" म्हणतील. तेव्हा फोनवर काही बोलू नका, जे म्हणायचंय ते त्यांनाही लिहूनच पाठवायला सांगा.